घर रिकामे करण्याचा दिवस



घर नीटनेटके कसे ठेवावे याविषयी मी चार शब्द सांगणार आहे, हे ऐकताच माझ्या पत्नीला हसू आले. तिचे हसणे रास्त होते. जन्मभर शाळामास्तरकी केलेल्या माणसाचे टेबल, त्याचे कपाट आणि त्याच्या खाटेखालची जागा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या विषयावरील माझा अधिकार किती हे सांगावयास नको. तेव्हा उपदेशाचा मार्ग मी सोडून दिला आहे. इतिहास वाचण्याचा छंद मात्र मला पहिल्यापासून आहे. त्या छंदाच्या आधारे मी स्वतःला एक साधा प्रश्न घातला. आपल्या घरांत पसारा साचू लागला तो केव्हापासून? आपल्या आजीपणजीच्या घरात तो नव्हता असे आपण नेहमी म्हणतो, ते खरे काय? आणि खरे असल्यास, त्या स्त्रिया आपल्याहून अधिक व्यवस्थित होत्या म्हणून तो नव्हता, की त्याचे कारण काही निराळेच होते?

या प्रश्नाचे उत्तर मला ग्रंथात सापडले नाही. ते छपरावर सापडले. ते कसे, हे सांगण्यासाठी प्रथम आपणांस आमच्या मुलखात नेले पाहिजे.

माझे घर गोंदिया जिल्ह्यातील एका खेड्यात आहे. १ मे १९९९ रोजी हा जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला. त्यापूर्वी आम्ही भंडारेकरच होतो. धानाचा, तलावांचा आणि तेंदूपानांचा हा मुलूख. पाऊस वर्षाकाठी बाराशे मिलिमीटरांहून अधिक. अशा पावसात मातीची भिंत उभी ठेवावयाची तर तिच्यावरचे छप्पर निर्दोष असावे लागते, आणि आमची छपरे कुंभाराच्या हातच्या कवेलूंची. शहरातील श्रोत्यांसाठी सांगतो की, कवेलू म्हणजे कौल. अर्ध्या नळीसारखा त्याचा आकार. एक उताणे, त्याच्या कडेवर दुसरे उपडे, अशा ओळी बांबूच्या फाट्यांवर रचलेल्या असतात. त्यांना ना खिळा, ना चुना. वर्षभर त्यांवरून माकडे उड्या मारतात, मांजरे हिंडतात, वाऱ्याने ओळी सरकतात. म्हणून दरवर्षी वैशाख-ज्येष्ठात, रोहिण्या लागण्यापूर्वी, सारे छप्पर उतरवावयाचे, फुटकी कवेलू निवडून टाकावयाची, नवी घालावयाची आणि पुन्हा ओळी लावावयाच्या. याला आमच्याकडे कवेलू फेरणे म्हणतात. आपण शाकारणी म्हणाल.

आता छप्पर उघडले म्हणजे काय होते, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांनाच कळेल. वर्षभराचा धूर फाट्यांवर काजळी होऊन बसलेला असतो. धूळ, कोळ्यांची जाळी, पाखरांची घरटी, क्वचित विंचू, असे सगळे खाली येते. तेव्हा छपराला हात लावण्यापूर्वी घरातील चीजवस्तू बाहेर काढणे भागच असे. पहाटेपासून हे काम चाले. उतरंडीची मडकी एकेक करून उतरत. पेटारे, घोंगड्या, वाकळी, पाट, सुपे, टोपल्या, शिंकी, मुसळ, माळ्यावरची जळाऊ लाकडे, वळणीवरचे कपडे, कोनाड्यांतील बाटल्या, सारे अंगणात येई. फक्त जाते, चूल आणि देव आत राहत. देवांवरही पाटी उपडी घालावी लागे. दुपारपर्यंत आमचे संपूर्ण घर आकाशाखाली मांडलेले असे, आणि येणाराजाणारा ते पाहून जाई. गावात कोणाकडे काय आहे हे सर्वांस ठाऊक असे, त्याचे एक कारण हे.

माझ्या विषयाचे मर्म येथेच आहे. संध्याकाळी ती प्रत्येक वस्तू पुन्हा उचलून आत न्यावी लागे. दिवसभर धुळीत राबलेल्या बाईला प्रत्येक वस्तूचे वजन कळत असे. दांडा तुटलेली कढई, तळ गेलेली टोपली, वर्षभर कोणी हात न लावलेले जुने जोडे यांचा निकाल लावण्यासाठी तिला विचार करावा लागत नसे. तिचा हातच तो निकाल लावी. टोपली चुलीत जाई. चिंधी वाकळेत शिवली जाई, नाहीतर तिचे पोतेरे होई. लोखंड लोहाराकडे, फुटके पितळ कासाराकडे. भंडारा हे पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले गाव, त्यामुळे आमच्या भागात मोडीची भांडी देऊन नवी घेण्याची चाल फार जुनी होती. ज्या वस्तू पुन्हा आत नेण्याच्या लायकीच्या ठरत, तेवढ्याच नवे वर्ष पाहत. अशा रीतीने वर्षातून एकदा सगळ्या संसाराची मोजदाद होई, आणि ती कोणीही नीटनेटकेपणासाठी करीत नसे. पाऊस येणार म्हणून करीत.

दुसरी मोजदाद दिवाळीच्या सुमारास होई. आश्विन अमावास्येच्या मध्यरात्रीनंतर सूप वाजवीत अलक्ष्मीला घराबाहेर काढावे आणि लक्ष्मीपूजनास नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहावे, हा शास्त्रार्थ आपणांस माहीत आहेच. तो खोटा असे मी म्हणणार नाही. परंतु झाडीपट्टीतील शेतकऱ्याला याच वेळी घर झाडण्याचे आणखी एक कारण होते. हलके धान दिवाळीच्या आगेमागे घरात येते. भारी धान त्यानंतर. ते येण्यापूर्वी गेल्या वर्षीची ढोली रिकामी करून, तळाचा भुगा झाडून, बांबूची वीण तपासून, तिला आतबाहेर शेणमातीचा नवा लेप द्यावा लागे. ढोली दगडांवर उभी असे. तिच्या खालून झाडता आले पाहिजे आणि उंदराला आडोसा मिळता कामा नये, हा त्यातील हेतू. ढोली हलविली की तिच्यामागची भिंत दिसे. ती दिसली की पांढऱ्या छुई मातीने पोतारावी लागे. आणि एक भिंत पोतारली म्हणजे उरलेल्या तीन डोळ्यांना खुपू लागत. त्यात भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागते. रात्री दंडार किंवा नाटक, आणि दिवसा घरोघर पाहुणे. ज्या गावची मंडई त्या गावच्या प्रत्येक घरी लेकीजावई येणार. मग भिंती पोतारल्यावाचून सुटका कोठली?

सारांश, आमच्या घरांना वर्षातून दोनदा रिकामे व्हावेच लागे. एकदा छपरासाठी, एकदा धान्यासाठी. आजीच्या घरातील व्यवस्था ही बव्हंशी या दोन सक्तींची कमाई होती, असे माझे मत झाले आहे. तिच्याजवळ वस्तू थोड्या होत्या, हे दुसरे कारण. पण तेही निराळे नाही. ज्याला वर्षातून दोनदा सारे उचलावे लागते तो वस्तू थोड्याच ठेवतो.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. घराच्या आतली ही व्यवस्था उंबऱ्याबाहेर फारशी जात नसे. अंगण सारवलेले, त्यावर रांगोळी, आणि त्यापलीकडे गल्लीत उकिरडा, हे चित्र आपल्या देशात जुने आहे. म्हणूनच रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील एक उतारा मला फार मोलाचा वाटतो. सन १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथात राजनीती आहे, दुर्गनीती आहे. आणि त्या दुर्गनीतीतच गडावर केरकचरा पडू देऊ नये, झाडलेला कचरा गडाखाली न टाकता जागच्या जागी जाळावा, त्याची राख परसात घालून भाजीपाला करावा, अशा अर्थाची ताकीद आहे. शत्रूच्या तोफांची चिंता वाहणारा अमात्य केराचाही विचार करतो आणि तो केर शेजाऱ्याच्या किंवा डोंगराच्या माथी न मारता त्याचा वाफा करावयास सांगतो. आमच्या मुलांना मी हा उतारा दरवर्षी समजावून देत असे. गडावरील लढायांपेक्षा त्यांना याचेच अधिक आश्चर्य वाटे.

त्याहून जुने एक पत्र शिवाजी महाराजांच्या वेळचे आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळच्या लष्करी छावणीला पाठविलेल्या या पत्रात रयतेला उपद्रव देऊ नये, दाणागोटा बेताने वापरावा, अशा ताकिदी आहेत. आणि त्यांतच रात्री दिवा जळता ठेवून निजू नये, उंदीर पेटती वात पळवून नेतील आणि गवताच्या गंजीला आग लागेल, असा इशारा आहे. एवढ्या मोठ्या राजाला उंदराच्या खोडीची इतकी बारीक माहिती होती! छावणी म्हणजे तरी काय? घाईने मांडलेले एक मोठे घरच. दाणा, गवत, दिवा आणि उंदीर यांच्या जागा जेथे ठरलेल्या नसतात तेथे अनर्थ होतो, एवढे त्या पत्रकर्त्याने ओळखले होते.

उंदराचे नाव निघाले आहे, तेव्हा प्लेगाकडे वळतो. आपल्या घरांच्या इतिहासातील हे सर्वांत दुःखाचे प्रकरण होय.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास या गोमंतकीय वैद्याने प्लेगाचा रोगी ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग. हा योगायोग नव्हता, हे आज आपण जाणतो. त्या वेळी ते कोणाच्याच ध्यानात आले नाही. येर्सिन याने १८९४ साली हाँगकाँगला या रोगाचा जंतू शोधला होता, परंतु तो जंतू माणसाच्या अंगात शिरतो कसा हे अज्ञात होते. दोष हवेचा, ओलीचा, घाणीचा, अंधाराचा असे मानून सरकारने उपाय योजिले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यास रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी बसली आणि मार्च महिन्यापासून गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर झडत्या घेऊ लागल्या.

या तुकड्यांनी काय केले ते आपण पुस्तकांतून वाचले आहे. घरातील माणसे रस्त्यावर उभी केली. सामान बाहेर काढले. त्यांतील पुष्कळ जाळून टाकले. भिंतींना चुना मारला. मुंबईकडे तर घरात ऊन यावे म्हणून कित्येक ठिकाणी छपराची कौले काढण्यात आली. हे वर्णन मी प्रथम वाचले तेव्हा थबकलो. सामान बाहेर, छप्पर उघडे, भिंती पांढऱ्या! आमच्या घरी दर वैशाखात जे होई, अक्षरशः तेच. काम तेच, परंतु ते परक्या हातांनी, बूट घालून, देवघरात आणि स्वयंपाकघरात शिरून, घरच्यांनी न नेमलेल्या दिवशी केलेले. कोणती वस्तू पुन्हा आत यावयाची, हे ठरविण्याचा हक्क घरच्या बाईकडे राहिला नाही. तो शिपायाकडे गेला. वाकळ जळाली ती जीर्ण होती म्हणून नव्हे, तर ती त्याला घाणेरडी दिसली म्हणून. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या वाटेवर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्या घटनेची राजकीय मीमांसा थोरांनी केलेली आहे. त्या संतापाच्या मुळाशी उंबऱ्याची ही विटंबनाही होती, एवढेच मी माझ्या विषयापुरते म्हणतो. याच साथीत रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या, याचेही येथे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. झडती घेणारे हात आणि रोग्याला उचलणारे हात एकाच महिन्यात, एकाच शहरात होते.

आणि इतके करून मूळ शत्रू तसाच राहिला. पुढच्याच वर्षी, १८९८ साली, पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीस प्रयोग करून दाखविले की प्लेग उंदरावरील पिसवांमुळे पसरतो. त्याचे म्हणणे मानण्यास शास्त्रज्ञांनी बराच काळ घेतला. १९०५ नंतर मुंबईत झालेल्या संशोधनाने ते पक्के झाले. म्हणजे चुन्याची भिंत आणि जळालेली वाकळ यांचा उपयोग थोडाच होता. उंदराला आडोसा मिळू नये आणि दाणा मिळू नये, हा खरा उपाय होता. दगडांवर उभी केलेली, शेणमातीने लिंपलेली ढोली आठवा! तिच्याखालून झाडू फिरे. आमच्या आज्यांना पिसवांचे शास्त्र ठाऊक नव्हते. त्यांच्या घरीही प्लेग आलाच. मी त्यांना सर्वज्ञ ठरवू इच्छीत नाही. परंतु उंदराशी कसे वागावे हे त्यांना सरकारपेक्षा अधिक कळत होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी नागपुरासही प्लेगाने गाठले. तेव्हा लोक आपण होऊन घरे सोडीत आणि गावाबाहेर झोपड्या बांधून राहत. चार पातेली, दोन वाकळी आणि दाण्याचे पोते एवढ्यावर महिने निघत. एरवी गरजेच्या वाटणाऱ्या किती वस्तूंवाचून चालते, याचा असा धडा कोणावर न येवो.

यानंतर आमच्या घरांत दोन गोष्टी हळूहळू शिरल्या. पहिली म्हणजे डबा. आगगाडी आली, आगगाडीबरोबर घासलेट आले, आणि घासलेट चौकोनी पत्र्याच्या डब्यांत येई. तेल संपे, डबा उरे. घरात आलेली आणि रिकामी होऊनही बाहेर न गेलेली पहिली वस्तू ती हीच असावी. मडके फुटते, टोपली कुजते, परंतु पत्र्याचा डबा पिढी काढतो. त्याला झाकण बसविले की त्यात डाळ राही, आणि दार कापले की कोंबडी. १९३७ साली डालडा बाजारात आला. त्या पिवळ्या डब्यांवरील ताडाचे झाड कित्येक घरांत तूप संपल्यानंतरही वर्षानुवर्षे उभे होते. आज प्लास्टिकच्या पिशव्यांनी भरलेली एक पिशवी प्रत्येक घरात दाराआड टांगलेली असते, तिचा वंशवृक्ष मी या डब्यापासून मांडतो. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने अशा पिशव्यांवर बंदी घातली. माझ्या घरची दाराआडची पिशवी त्या दिवसानंतर अधिकच फुगली, कारण आता मिळणार नाहीत म्हणून होत्या त्या आम्ही जपून ठेवल्या!

दुसरी गोष्ट छप्पर. मंगळूर येथे बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला. ती सपाट, खाचेची, एकमेकांत अडकणारी कौले यथावकाश आमच्याकडेही आली. त्यांना आम्ही इंग्रजी कवेलू म्हणतो. ती माकडाच्या उडीने सहसा सरकत नाहीत. दरवर्षी फेरावी लागत नाहीत. पुढे सिमेंट आले आणि त्यामागून स्लॅब. घरकुलाच्या सरकारी योजनांनी, १९८५ पासून इंदिरा आवास आणि २०१६ पासून प्रधानमंत्री आवास या नावांनी, खेड्यातील पुष्कळ गरिबांना पक्के छप्पर दिले. याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. गळक्या छपराखाली रात्रभर पातेली मांडीत ज्याने मुलांना जागविले आहे, तो स्लॅबची निंदा करणार नाही. परंतु इतिहासकाराने हिशेब पुरा मांडावा. ज्या दिवशी स्लॅब पडला, त्या दिवसापासून घर रिकामे करण्याचे कारण उरले नाही. धानही आता पोत्यांत भरून सोसायटीच्या केंद्रावर किंवा गिरणीत जाते. ढोलीची जागा रिकामी झाली. त्या जागेवर कपाट आले. कपाट कोणी हलवीत नाही. त्याच्यामागची भिंत आमच्या सुनांनी पाहिलेली नाही.

शहरात तर माळा बांधतानाच पसाऱ्यासाठी बांधतात. जपानातील मारी कोंडो या बाईंनी पसारा आवरण्यावर लिहिलेले पुस्तक २०११ साली निघाले आणि जगभर खपले. त्यांचे सांगणे असे की, घरातील एका प्रकारच्या सगळ्या वस्तू जमिनीवर मांडाव्यात, एकेक हाती घ्यावी आणि हिच्यामुळे मनाला आनंद होतो काय, असे विचारावे. यातील पहिला भाग वाचून मला मौज वाटली. सर्व वस्तू बाहेर मांडणे आणि एकेक हाती घेणे म्हणजे आमचे कवेलू फेरणेच. दुसऱ्या भागाविषयी माझ्या आईचे मत निराळे झाले असते.

माझी आई. तिच्याविषयी बोलल्यावाचून हे भाषण पुरे व्हावयाचे नाही. तिचा प्रश्न आनंदाचा नव्हता. वस्तू हाती घेऊन ती एवढेच म्हणे, “लागते कधीतरी.” तिच्या बालपणी दुसरे महायुद्ध चालू होते. १९४३ साली कापडावर नियंत्रण आले. धान्य, साखर, घासलेट सगळेच कंट्रोलचे झाले. त्या दिवसांत साडीच्या फाटक्या काठालाही किंमत होती. तिच्या आजीने १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे मध्यप्रांतातील दोन्ही दुष्काळ पाहिलेले. तिच्या तोंडच्या गोष्टी ऐकत आई वाढली. पुढे स्वतःच्या संसारात १९६५-६६ ची टंचाई आणि १९७२ चा दुष्काळ तिला भेटले. अशा बाईने दोरीचा तुकडा टाकावा कसा? आपल्या पुष्कळ घरांतील पसारा हा आळसाचा नसतो, भीतीचा असतो. कधीतरी पुन्हा काही मिळणार नाही, ही ती भीती. जोवर वर्षाकाठी घर रिकामे होत होते तोवर या भीतीला आणि त्या सक्तीला एकमेकींचा आळा होता. सक्ती गेली, भीती तेवढी राहिली.

येथे दुसऱ्या टोकाचे एक घर आठवते. शाळेची सहल घेऊन मी एकदा सेवाग्रामला गेलो होतो. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास आले. १९४० साली त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. तेथील बापूकुटी मातीची आहे, छप्पर कवेलूंचे, भिंतीवर मीराबेननी उठविलेली ताडाची झाडे आणि चरखा. आत एक बैठक, एक लहान मेज, हाताशी लागणाऱ्या थोड्या वस्तू. मुले क्षणभर गप्प झाली. मग एका मुलाने मला हळूच विचारले, “गुरुजी, आमच्याही घरी एवढेच सामान आहे. मग पाहावयाला कोणी का येत नाही?” तो भूमिहीन मजुराचा मुलगा होता. मी त्यास काही तरी उत्तर दिले. ते समाधानकारक नव्हते हे त्याच्या तोंडावरून मला दिसले. निवडलेला रितेपणा आणि नशिबी आलेला रितेपणा यांत अंतर आहे, आणि पसारा आवरण्याची चर्चा ही मुळात ज्यांच्याकडे पसारा आहे त्यांची चर्चा आहे, हे मला त्या मुलामुळे कळले.

त्या आश्रमाची दुसरी शिकवण मात्र मी वेळेवर घेतली नाही. तेथे झाडण्याचे आणि मैला उचलण्याचे काम ठराविक जातीचे किंवा बायकांचे नव्हते, सर्वांचे होते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा १९०५ साली घर सोडून निघाले ते हाती खराटा घेऊनच. दिवसा गाव झाडावयाचे आणि रात्री कीर्तन करावयाचे, हा त्यांचा क्रम १९५६ साली देह ठेवीपर्यंत चालला. या दोघांवर मी वर्गात पुष्कळ बोललो. आणि त्याच वर्गाच्या भिंतीवर मी स्वतःच्या अक्षरांत जो सफाईचा तक्ता लावीत असे, त्यात पाणी भरणे मुलांकडे आणि झाडणे मुलींकडे असे. पुष्कळ वर्षे असे. कोणी हरकत घेतली नाही, म्हणून मलाही ते दिसले नाही. घर रिकामे करण्याच्या दिवसाचे मी आज इतके गुणगान करतो आहे खरा. परंतु छपरावर बाप असे आणि अंगणातून आत चाळीस खेपा आई घालीत असे, हेही त्याच दिवसाचे सत्य आहे. ती सक्ती कोणावर होती, हे विसरून चालावयाचे नाही.

आता माझ्या घराविषयी थोडे. आई गेली त्याला काही वर्षे झाली. गावात नळीची कवेलू घडविणारा कुंभार उरला नाही. फेरणारे दोन म्हातारे होते, तेही थकले. गेली काही वर्षे पावसाळ्यात आम्ही छपरावर ताडपत्री ताणून दिवस काढले. मुलगा नोकरीनिमित्त नागपूरला असतो. त्याचे म्हणणे की, बाबा, हे पाडून स्लॅबचे दोन खोल्यांचे घर बांधू, तुम्हां दोघांना त्रास नको. तो बरोबर बोलतो. मी होकार दिला आहे.

पाडण्यापूर्वी घर रिकामे करावयाचे म्हणून गेल्या आठवड्यात आम्ही सामान बाहेर काढावयास सुरुवात केली. झाडण्याचे काम या खेपेस मी घेतले आहे. पत्नी ओसरीत बसून कोठे केर राहिला ते सांगते, आणि तो राहतोच. माझी जुनी हजेरीपत्रके, पाठांची टाचणे, तीन पोती भरून निघाली. ती रद्दीत गेली. वाईट वाटले, पण फारसे नाही. आईची लोखंडी पेटी मात्र दोघांनी मिळून उचलून अंगणात आणली आणि उघडली. तिच्यात एका डालड्याच्या डब्यात गुंड्या, सुया आणि बिब्बे होते. जुन्या शिधापत्रिका होत्या. लुगड्यांचे कापून ठेवलेले काठ होते, गुंडाळी करून दोऱ्याने बांधलेले. आणि अगदी तळाशी, कापडात बांधलेले, मूठभर धानाचे बी होते. कोणत्या जातीचे ते मला ओळखता आले नाही. पत्नीने ते नखाने सोलून पाहिले आणि म्हणाली, “किडलेले नाही हो.”

ते उगवेल की नाही, कोणास ठाऊक. मृगात परसातल्या वाफ्यात टाकून पाहू, असे तिने ठरविले आहे. बाकीची पेटी अजून अंगणात आहे, आमच्या दोघांच्याही वाटेत; आणि कवेलू उतरविणारी माणसे सोमवारी यावयाची आहेत.